खोकला, काढा आणि पुरावा



दिवाळी आटोपते, बागांमध्ये संत्र्याची तोडणी सुरू होते, पहाटे दंव पडू लागते आणि आपल्या भागात घराघरांतून खोकल्याचा आवाज येऊ लागतो. वर्गातही दर दोन-तीन बाकांमागे एखादे मूल खोकत असते. अशा वेळी आजी अडुळशाची पाने आणायला सांगते, आई आल्याचा रस मधातून चाटवते आणि शेजारचे काका मेडिकलमधल्या एखाद्या बाटलीचे नाव सुचवतात. यांपैकी कशाचा किती उपयोग होतो, कशाला पुरावा आहे आणि कशात धोका आहे, हे साध्या शब्दांत सांगण्याचा या लेखात प्रयत्न केला आहे.

हा विषय आताच का?

2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आपल्या शेजारी जे घडले ते कोणीही विसरलेले नाही. छिंदवाडा जिल्ह्यातील परासिया भागात सर्दी, ताप, खोकला झालेल्या लहान मुलांना ‘कोल्ड्रिफ’ नावाचे सिरप देण्यात आले. काही दिवसांत मुलांची लघवी बंद झाली, मूत्रपिंडे निकामी झाली. अनेकांना उपचारासाठी नागपूरला नेले, तरी वीसहून अधिक मुले दगावली. त्यांतील बहुतेक पाच वर्षांच्या आतली होती. 2023 च्या ऑक्टोबरपर्यंत आपली पांढुर्णा आणि सौंसर ही तालुक्याची गावे त्याच छिंदवाडा जिल्ह्यात होती. त्यामुळे हे दुःख आपल्याला परके नाही.

हे सिरप तामिळनाडूतील कांचीपुरम जिल्ह्यातल्या कारखान्यात तयार झाले होते. तेथील सरकारी प्रयोगशाळेने तपासले तेव्हा त्यात 48.6 टक्के डायएथिलीन ग्लायकॉल निघाले. हे रसायन औषध नाही. कारखान्यांत द्रावक म्हणून वापरले जाणारे ते विष आहे, आणि औषधात ते 0.1 टक्क्याहून अधिक असता कामा नये असा नियम आहे. मध्य प्रदेश सरकारने 4 ऑक्टोबर 2025 रोजी या सिरपवर बंदी घातली.

या विषाचा इतिहास जुना आहे. 1937 मध्ये अमेरिकेत एका पातळ औषधात हेच रसायन वापरल्याने शंभराहून अधिक माणसे मेली आणि पुढच्याच वर्षी तेथे औषधांचा कडक कायदा आला. 1986 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरीनमुळे 14 रुग्ण दगावले. त्याची चौकशी न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने केली. 2022 मध्ये आफ्रिकेतील गांबिया देशातही भारतात बनलेल्या सिरपमुळे बालमृत्यू झाल्याची बातमी जगभर गेली.

परासियाच्या घटनेनंतर अनेक पालकांच्या मनात साहजिकच आले, की आता बाटली नकोच, आपला झाडपाला बरा. ही भावना समजण्यासारखी आहे. परंतु बाटलीबद्दल जे प्रश्न आपण आता विचारायला शिकलो, तेच प्रश्न काढ्यालाही विचारले पाहिजेत. ते चार प्रश्न असे: यात नेमके काय आहे? किती द्यायचे? कोणाला द्यायचे नाही? आणि याचा उपयोग होतो हे कशावरून ठरले?

आधी खोकला समजून घेऊ

खोकला हा स्वतः आजार नाही. घशात किंवा श्वासनलिकेत कफ, धूळ, धूर गेला की तो बाहेर फेकण्यासाठी शरीर जी धडपड करते ती म्हणजे खोकला. थंडीच्या दिवसांतला बहुतेक खोकला विषाणूंमुळे होणाऱ्या सर्दीचा असतो. विषाणूंवर प्रतिजैविक औषधे, म्हणजे अँटिबायोटिक, चालत नाहीत. म्हणून साध्या सर्दी-खोकल्यात ती मागू नयेत.

आपल्याकडे एक समज आहे, की संत्री खाल्ल्याने मुलांना खोकला होतो. घसा आधीच दुखत असेल तर आंबट रस झोंबतो, एवढे खरे. पण खोकल्याचे कारण संत्रे नसून त्याच हंगामात पसरणारा विषाणू आहे. संत्र्याच्या मोसमात खोकला वाढतो, म्हणून दोष संत्र्यावर जातो. एका वेळी घडणाऱ्या दोन गोष्टींत एक कारण आणि दुसरी परिणाम असेलच असे नाही.

हाच मुद्दा काढ्यालाही लागू पडतो. मुलांच्या खोकल्याबद्दलच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार साधा खोकला निम्म्या मुलांत दहाव्या दिवसापर्यंत आणि दहापैकी नऊ मुलांत पंचविसाव्या दिवसापर्यंत आपोआप थांबतो. समजा सहाव्या दिवशी काढा सुरू केला आणि दहाव्या दिवशी खोकला गेला. तो काढ्याने गेला की जाणारच होता? एका मुलावरून हे सांगता येत नाही. त्यासाठी सारख्याच आजाराच्या पुष्कळ मुलांचे चिठ्ठ्या टाकून गट पाडावे लागतात. एका गटाला औषध आणि दुसऱ्याला तशाच चवीचे पण औषध नसलेले काही देऊन तुलना करावी लागते. ‘पुरावा’ म्हणतात तो असा तयार होतो.

मध: सर्वांत चांगला पुरावा

घरगुती उपायांमध्ये मधाची अशी परीक्षा सर्वांत जास्त झाली आहे. 2007 मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात 105 मुलांवर प्रयोग झाला. काहींना झोपताना मध दिला, काहींना मधाच्या चवीचे खोकल्याचे औषध आणि काहींना काहीच नाही. मध मिळालेल्या मुलांचा रात्रीचा खोकला, काहीच न मिळालेल्या मुलांच्या तुलनेत स्पष्टपणे कमी झाला. 2012 मध्ये इस्राएलमध्ये एक ते पाच वर्षांच्या 300 मुलांवर प्रयोग झाला. त्यात तीन प्रकारचे मध होते, आणि त्यांतला एक लिंबू-संत्र्याच्या जातीच्या फुलांचा होता. तुलनेसाठी खजुराचा गोड पाक दिला होता. तिन्ही मध पाकापेक्षा सरस ठरले. 2020 मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी 14 अभ्यास एकत्र तपासून मधाच्या बाजूनेच मत दिले, मात्र आणखी काटेकोर प्रयोग हवेत असेही नमूद केले.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. 2007 आणि 2012 च्या प्रयोगांना मध-उत्पादकांच्या मंडळांनी पैसा पुरवला होता. म्हणून निष्कर्ष खोटे ठरत नाहीत, पण पैसा कोणी दिला हे वाचकाने नेहमी पाहावे.

मात्रा अशी: एक वर्षावरील मुलाला झोपण्यापूर्वी अर्धा ते एक चहाचा चमचा मध, नुसता किंवा कोमट पाण्यातून.

एक वर्षाखालील बाळाला मध मुळीच देऊ नये. मधात क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम या जंतूची बीजे असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यांत ती रुजत नाहीत, पण तान्ह्या बाळाच्या आतड्यांत रुजून विष तयार करतात. बाळाला बद्धकोष्ठ होते, रडणे क्षीण होते, अंग ढिले पडते आणि श्वासही बंद पडू शकतो. जन्मल्याबरोबर बाळाला मध चाटवण्याची आणि बाळगुटी मधातून देण्याची रीत आपल्यात आहे. ती मायेपोटी आली असली तरी आता सोडून द्यावी.

अडुळसा: कुंपणावरचे औषध

अडुळसा, बाजारातल्या हिंदीत अडूसा, शेताच्या कुंपणाला लावतात कारण कडू पानांना गुरे-शेळ्या तोंड लावत नाहीत. पाने वाफवून किंवा भाजून त्यांचा रस काढायचा व मधातून द्यायचा, ही जुनी पद्धत आहे. या पानांत व्हॅसिसीन नावाचे द्रव्य असते. त्याच्या रचनेवरूनच रसायनशास्त्रज्ञांनी ब्रोमहेक्सीन हे कफ पातळ करणारे औषध तयार केले व ते 1960 च्या दशकात वापरात आले. आज दवाखान्यात मिळणारे अँब्रॉक्सॉल हे त्याच कुळातले. म्हणजे आजीच्या अडुळशाचे आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीतल्या औषधाचे जुने नाते आहे.

तरीही पानाच्या साध्या रसावर मोठ्या व नीट आखलेल्या चाचण्या फारच थोड्या आहेत. कारखान्यातल्या गोळीत द्रव्य किती हे ठरलेले असते. पानात ते झाडाच्या वयावर, ऋतूवर, जमिनीवर अवलंबून असते. शिवाय व्हॅसिसीनमुळे गर्भाशय आकुंचन पावते, म्हणून गर्भवती स्त्रियांनी अडुळसा घेऊ नये. लहान मुलांनाही तो जाणत्या वैद्याला विचारल्याशिवाय देऊ नये.

जेष्ठमध, आले, हळद, बेहडा

जेष्ठमधाला दुकानदार मुलेठी म्हणतो. शस्त्रक्रियेच्या वेळी घशात नळी घातल्याने नंतर घसा दुखतो, खोकला येतो. आधी जेष्ठमधाच्या पाण्याने गुळण्या केल्यास हा त्रास कमी होतो, असे भारतात 2009 मध्ये आणि व्हिएन्नात 2013 मध्ये झालेल्या प्रयोगांत दिसले. म्हणजे घशाला आराम मिळतो हे खरे. सर्दीचा खोकला बरा होतो, एवढे मात्र त्यावरून सिद्ध होत नाही. त्यातील ग्लिसिरायझिन या द्रव्यामुळे, रोज बरेच दिवस घेतल्यास, रक्तदाब वाढतो व रक्तातील पोटॅशियम कमी होते. आजी-आजोबांना रक्तदाबाची गोळी सुरू असेल तर त्यांनी जेष्ठमध रोज चघळू नये.

घसा बसला की गुंजेचा पाला खाण्याचीही रीत आहे. पाला गोड लागतो, पण त्याच वेलीच्या लाल-काळ्या गुंजा अत्यंत विषारी असतात. मुलांच्या हाती त्या खेळायलासुद्धा देऊ नयेत.

आल्यातील काही द्रव्यांनी श्वासनलिकेचे स्नायू सैल होतात, हे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात 2013 मध्ये दिसले. पण ते प्रयोगशाळेतल्या स्नायूच्या तुकड्यांवर, शुद्ध द्रव्य वापरून. आल्याचा चहा पिणाऱ्या माणसाच्या छातीत तसेच घडते असे त्यावरून म्हणता येत नाही. गरम आल्याचे पाणी घशाला शेक देते, पोटात पाणी जाते, एवढा फायदा नक्की.

हळदीच्या दुधाने कोणाचे नुकसान होत नाही, परंतु त्याने खोकला लवकर जातो याचा पुरावा तोकडा आहे. हळदीतील कर्क्युमिन आतड्यांतून फारच थोडे शोषले जाते. चकचकीत पिवळ्या सुट्या हळदीत रंगासाठी शिशाच्या संयुगाची भेसळ होते, म्हणून हळकुंडे आणून घरी दळलेली बरी.

बेहडा, म्हणजे बहेडा, आपल्या सातपुड्याच्या जंगलातला वृक्ष. त्याच्या फळाची साल तोंडात धरली की तुरट रसाने घशाची खवखव कमी वाटते. माणसांवरच्या चाचण्या मात्र थोड्याच आहेत. आतली बी मुलांना खाऊ देऊ नये.

सितोपलादी चूर्ण घरोघरी असते. त्याचे प्रमाण विद्यार्थ्यांना गमतीचे वाटेल: खडीसाखर 16 भाग, वंशलोचन 8, पिंपळी 4, वेलची 2, दालचिनी 1. बेरीज 31. म्हणजे निम्म्याहून अधिक साखरच. मधुमेह असणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

‘नैसर्गिक’ म्हणजे निर्धोक नव्हे

दमेकऱ्यांना दिल्या जाणाऱ्या कनकासवात धोत्रा असतो. ‘कनक’ हे धोत्र्याचेच संस्कृत नाव. वैद्याच्या देखरेखीखाली मोठ्यांना दिलेले हे औषध घरातल्या मुलाला परस्पर देणे जिवावर बेतू शकते. वेखंडातील बीटा-असारोन हे द्रव्य प्राण्यांवरील प्रयोगांत कर्करोगकारक ठरल्यामुळे अमेरिकेने 1968 मध्येच खाद्यपदार्थांत वेखंड घालण्यावर बंदी आणली. बाळगुटीत वेखंड उगाळताना हे आठवावे.

कापूर पोटात गेल्यास मुलांना झटके येतात, म्हणून कापराची पूड किंवा तेल तान्ह्या बाळाच्या नाकाला लावू नये. उकळत्या पाण्याच्या भांड्यावर मुलाला वाकवून वाफ देण्याचा फायदा चाचण्यांत सिद्ध झालेला नाही, पण भांडे कलंडून भाजल्याची उदाहरणे जगभर आहेत.

तयार आयुर्वेदिक औषधांबाबतही डोळे उघडे ठेवावेत. इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या 193 आयुर्वेदिक औषधांची तपासणी 2008 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाली. त्यांतील सुमारे एक-पंचमांश औषधांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले. बाटलीवर परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, घटक आणि मुदत छापलेली नसेल तर ती घेऊ नये, मग तिच्यावर पानाचे चित्र असो वा देवाचे. आठवडी बाजारातली बिननावाची पुडी तर नकोच.

आणि मेडिकलमधल्या सिरपचे काय? केंद्र सरकारच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने 3 ऑक्टोबर 2025 च्या सूचनेत सांगितले, की दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत, पाच वर्षांखालील मुलांनाही ती सहसा देऊ नयेत, आणि त्यापुढे डॉक्टरांनी तपासूनच द्यावीत. यामागे केवळ भेसळीची भीती नाही. लहान मुलांत या औषधांचा फायदाच फारसा दिसत नाही. मोठ्या भावाची उरलेली बाटली धाकट्याला देणे सर्वप्रथम बंद करावे.

केव्हा थांबायचे नाही

काढ्यातल्या वनस्पतीपेक्षा मोठा धोका असतो तो काढ्यावर भरवसा ठेवून घालवलेल्या दिवसांचा. पुढीलपैकी काहीही दिसले तर घरगुती उपाय बाजूला ठेवून लगेच दवाखाना गाठावा.

1. श्वास जलद चालणे. मूल शांत असताना घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट छातीचे हेलकावे मोजा. दोन महिन्यांखालील बाळात 60 किंवा अधिक, 2 ते 11 महिन्यांत 50 किंवा अधिक, 1 ते 5 वर्षांत 40 किंवा अधिक श्वास हे न्यूमोनियाचे लक्षण असू शकते.
2. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जाणे, ओठ निळे पडणे.
3. बाळ दूध न पिणे, सुस्त पडणे, झटके येणे.
4. कोणतेही औषध दिल्यावर लघवी कमी होणे किंवा बंद होणे. औषधाची बाटली सोबत न्यावी.
5. शेंगदाणा, मणी असे काही खाताना-खेळताना एकाएकी ठसका लागून खोकला सुरू होणे.
6. थुंकीतून रक्त पडणे, किंवा दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला राहणे. ही क्षयरोगाची शंका घेण्याची वेळ आहे. सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी व उपचार मोफत होतात.

घरात चुलीचा धूर कोंडत असेल किंवा कोणी बिडी ओढत असेल, तर मुलाचा खोकला कोणत्याही काढ्याने थांबणार नाही. धुराला वाट करून देणे हेच तेथे पहिले औषध आहे.

थोडे शाळेसाठी

आपल्या जंगलांशेजारच्या पाताळकोटात भारिया समाजाकडे वनस्पतींचे मोठे ज्ञान आहे, आणि आपल्या आज्यांकडेही ते आहेच. ते हसण्यावारी नेण्याचे कारण नाही. अडुळशाचेच पाहा, त्या ज्ञानातून जगाला औषध मिळाले. पण मिळाले ते कोणीतरी नीट नोंदी ठेवून तपासले म्हणून.

विद्यार्थ्यांनी एका वहीत आजीला विचारून लिहावे: वनस्पतीचे मराठी नाव, बाजारातले हिंदी नाव, कोणता भाग, किती, कोणाला, किती दिवस आणि कोणाला द्यायचे नाही. शेवटचा रकाना अनेकदा रिकामा राहील, आणि तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. नोंदी करायच्या आहेत, चव घेऊन पाहायची नाही.

विश्वस्त मंडळींना दोन विनंत्या आहेत. आवारातील पालापाचोळा हिवाळ्यात जाळू नये, त्याचे खत करावे. आणि वर दिलेले श्वासांचे आकडे मोठ्या अक्षरांत शाळेच्या दर्शनी भिंतीवर लिहून घ्यावेत. एखाद्या आईने मूल सोडायला आल्यावर ते वाचले आणि घरच्या तान्ह्याचे श्वास मोजले, तर त्या भिंतीवरील रंगाचे पैसे वसूल झाले असे समजावे.